लाईन गेली, लाईन टाकली, लाईन मारली : यातलं इंग्रजांचं किती आणि आपलं किती?

ठिबकताई, फैजपूर

राम राम मंडळी. मी ठिबकचं सामान विकते. लॅटरल, सबमेन, ग्रोमेट, टेकऑफ, फिल्टर, सगळं. आजूबाजूला केळी आहे तोवर दुकान आहे. भाषेचा माझा काही अभ्यास नाही, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर वाटू द्या, उत्तर मात्र नीट द्या.

भावाचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आलाय. आठवीत आहे, इंग्रजी शाळेत. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पोर बाहेर पडू शकत नाही. दिवसभर माझ्या गल्ल्यापाशी बसतो आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकतो. परवा त्याने बिलबुकाच्या मागच्या पानावर यादीच करायला घेतली, आत्याच्या दुकानात 'लाईन' कशाकशाला म्हणतात त्याची.

सकाळीच न्हावी गावचे एक नाना आले. "ताई, तुमच्याकडे लाईन कितीला येऊन राहिली? आमच्याकडे ह्या आठवड्यात रात्रीची आहे." मी म्हटलं, आमच्याकडेही रात्रीचीच. भाचा विचारतो, रात्री काय येतं? अरे बाबा, थ्री फेज येते. विहिरीवरची मोटार चालते ती.

मग एक जण नव्या बागेसाठी आला. "मेनलाईन तीन इंची टाकू की अडीच चालेल?" ही पाण्याची. त्यानेच पुढे विचारलं, "नळी ऑनलाईनची देता की इनलाईनची?" मी म्हटलं, "ऑनलाईन संपलंय, सोमवारी येईल. पण केळीला तुम्ही इनलाईनच घ्या." तर आमचा पोरगा मोबाईल काढून बघायला लागला. आत्या, नेट तर चालू आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कारखान्यातूनच नळीच्या पोटात ड्रीपर (थेंब थेंब पाणी सोडतो तो) बसून येतो ती इनलाईन. साधी नळी घेऊन, पंचाने भोक पाडून बाहेरून ड्रीपर खोचायचा, ते ऑनलाईन. लिंबू, आंबा अशी लांब लांब झाडं असली की ऑनलाईन बरं पडतं, कारण ड्रीपर पाहिजे तिथे लावता येतो. इंटरनेटचा काडीचा संबंध नाही.

दुपारपर्यंत यादी लांबत गेली. बँकेत लाईन होती म्हणून उशीर झाला. सावद्याची लाईनची गाडी गेली का? (म्हणजे काळी-पिवळी.) पोरगं बारावी झालं, आता त्याला कोणत्या लाईनला टाकावं? अमक्याचा मुलगा दोन नंबरच्या लाईनीत होता, लग्न झालं आणि लाईनीवर आला. जावयाच्या फोनला लाईनच लागत नाही. आणि आमच्याकडे कामाला असलेला पोरगा समोरच्या झेरॉक्सवालीला लाईन मारतो, हे तर भाच्याने न विचारताच लिहून घेतलं.

संध्याकाळी शटर ओढता ओढता त्याने निकाल दिला. "आत्या, लाईन म्हणजे रेषा. फार तर रांग. बाकीचं सगळं तुम्ही लोकांनी केलंय."

ते 'तुम्ही लोकांनी' मला लागलं. म्हणून विचारते. यातली कुठली लाईन खरी इंग्रजांची आणि कुठली आपण इकडे घरी बनवली? 'भाषा वाहती असते' वगैरे सांगून कटवू नका. पोराला दाखवता येईल असं काहीतरी पाहिजे.

फेज_उडाला, चोपडा

ताई, विजेपुरतं मी सांगतो. आयुष्य खांबावर गेलंय.

पोराला घरातल्या कुठल्याही तीन पिनी टॉपचं झाकण उघडायला सांगा (आधी भिंतीतून काढून, बरं का). आत स्क्रूंपाशी एल, एन आणि ई अशी अक्षरं असतात. एन न्यूट्रल, ई अर्थिंग. एल म्हणजे लाईन. काही जण त्याला लाइव्ह म्हणतात, म्हणू द्या. करंट ज्या तारेतून येतो ती लाईन, हे इंग्रजीतूनच आलंय.

अजून पुरावा पाहिजे तर थ्री फेज घ्या. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत मीटर लावला की २३० व्होल्ट दाखवतो. दोन फेजच्या मध्ये लावला की ४०० च्या आसपास. या दुसऱ्या आकड्याला डिप्लोमाच्या पुस्तकात 'लाईन व्होल्टेज' असंच नाव आहे. २३० ला १.७३२ ने गुणलं की तोच येतो. हे काही चोपड्याच्या बाजारात ठरलेलं नाही. 'लाईनमन'सुद्धा साहेबाचाच शब्द. वीज यायच्या आधी टेलिग्राफच्या तारा ओढणारा तो लाईनमन, आम्ही मागून आलो.

आता माझी एक निरीक्षणाची गोष्ट. आपल्याकडे घरातली जाते ती 'लाईट' आणि मळ्यातली जाते ती 'लाईन'. माणूस एकच. ओट्यावर बसला असेल तर म्हणेल लाईट गेली, विहिरीवर उभा असेल तर म्हणेल लाईन गेली. का? घरात विजेचं पहिलं काम दिवा. मळ्यात दिव्याला कोण विचारतो? तिथे तिन्ही तारा आल्या का एवढंच बघायचं असतं. दोनच आल्या तर मोटार नुसती गुरगुरते आणि थोड्या वेळात वाइंडिंग जळतं. तिथे 'लाईट आली' म्हणून भागत नाही.

आणि जाता जाता, ज्यांनी मोटारीला ऑटो (वीज येताच मोटार आपोआप चालू करणारा स्विच) बसवलेत त्यांना हात जोडून विनंती. काढून टाका. लाईन आली रे आली की साऱ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठतात, डीपी (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) जळते, आणि शिव्या मात्र वायरमनला.

बोरीकाठचा_मास्तर, अमळनेर

फेज_उडाला यांनी निम्मं काम केलं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, उरलेलं मी करतो. थोडं लांबेल.

ताई, घरात जवस असेलच. चटणीपुरता. त्यातला चिमूटभर भाच्याच्या तळहातावर ठेवा आणि सांगा, तुझी लाईन इथून निघाली. जवसाच्या खोडातून जो धागा निघतो तो लिनन. (आपण पेरतो तो तेलासाठी आणि चटणीसाठी. धाग्याच्या जाती वेगळ्या, उंच वाढणाऱ्या.) लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणत आणि त्या धाग्याच्या दोरीला 'लिनिया'. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत लाईन. जुन्या इंग्रजीत आधीपासून जो 'लीने' होता त्याचाही अर्थ दोरीच. जवसाचं शास्त्रीय नाव आजही 'लायनम युसिटॅटिसिमम' आहे. त्यातल्या दुसऱ्या लांबलचक शब्दाचा अर्थ 'अतिशय उपयोगी'.

तेव्हा भाच्याचा 'लाईन म्हणजे रेषा' हा पायाच हलतो. लाईन म्हणजे आधी दोरी. दोरी ताणली की सरळ दिसते, त्या सरळपणावरून पुढे रेषा. शाळेत आपण शेवटचा अर्थ पहिला शिकवतो. मीही तसाच शिकवला, पाठ्यपुस्तकात तसाच होता.

तो जुना अर्थ आपल्याकडे कोणी सांभाळला असेल तर गवंड्याने. विटांचा थर सरळ यावा म्हणून तो जी बांधतो ती लाईनदोरी. शब्दात दोरी दोनदा आलीये हे त्याच्या गावीही नसतं. पाया खणायच्या आधी फक्की (चुन्याची पूड) टाकून जे आखतात ते लाईनआऊट. कुठल्याही बांधकामावर जाऊन पोराला ऐकवा.

दोरीपासून पुढचा प्रवास सोपा आहे. दोरीच्या जागी धातूची तार आली, नाव तेच राहिलं. हिंदुस्थानात टेलिग्राफची पहिली प्रायोगिक लाईन १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. त्यानंतर टेलिफोन आणि वीज. म्हणून जावयाच्या फोनला 'लाईन लागत नाही' हे अस्सल आहे, मोबाईलला तार नसली तरी. तारेच्या जागी नळ आला, पाईपलाईन झाली. तुमची मेनलाईन, सबमेन त्याच घरातल्या. एखादी गोष्ट ठरलेल्या वाटेने नेमाने जात-येत राहिली की तीही लाईन. जहाजांच्या कंपन्या याच अर्थाने 'लाईन' म्हणवून घ्यायच्या, विमानांच्या एअरलाईन झाल्या. तुमची सावद्याची काळी-पिवळी त्याच अर्थाने लाईनची गाडी आहे. विमान कंपनी आणि ती एका गोत्रातल्या. हे काळी-पिवळीवाल्याला सांगू नका, भाडं वाढवेल.

पलटणीचे तंबू आणि बराकी ओळीने असत, त्यांना इंग्रज 'लाइन्स' म्हणत. पोलीस लाईन तिथली. आपल्या भागात ही व्यवस्था लवकर आली. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. 'लाईनीवर येणे'सुद्धा लष्करी आहे. शिपाई ओळ सोडून उभा राहिला की त्याला ओळीत आणायचं. दोन नंबरवाला मुलगा लग्नानंतर ओळीत आला, एवढंच.

'कोणत्या लाईनला टाकावं' हेही शुद्ध इंग्रजी. धंदा किंवा पेशा या अर्थाने लाईन इंग्लंडात पूर्वीपासून चालते. रांगेचं मात्र गमतीदार आहे. भाच्याने रांग हा अर्थ मान्य केला, पण इंग्लंडमधला माणूस रांगेला 'क्यू' म्हणतो, म्हणजे फ्रेंच भाषेत शेपूट. रांगेला लाईन म्हणतात ते अमेरिकेत. म्हणजे इंग्लंडच्या हिशेबाने चुकलीच असेल तर त्याने सोडून दिलेली तेवढी एक चुकली!

मग आपलं काय? माझ्या मते नाम जवळजवळ सगळं त्यांचं आहे आणि क्रियापद सगळं आपलं. तुमच्या यादीतली क्रियापदं बघा. येते, जाते, टाकतात, लागते, मारतात. वीज खंडित झाली की इंग्रज 'लाईन गेली' असं म्हणत नाही. आपण तिला पाहुण्यासारखी आणतो आणि घालवतो. पोराला लाईनला 'टाकायचं', ही घालण्याची क्रिया खास आपली, सुनेला माहेरी आणि पोराला शाळेत टाकणाऱ्यांची. आणि 'लाईन मारणे' तर पुरतं देशी. इंग्रजीत 'शूट अ लाईन' म्हणजे फुशारकी मारणे. दोन्हीकडे मारणं आहे म्हणून नातं जोडायचा मोह होतो, पण मी जोडणार नाही, ते ओढूनताणून होईल.

राहिला 'तुम्ही लोकांनी' हा आरोप. त्याला उलट विचारा, 'सूत्र' म्हणजे काय? गणितातला फॉर्म्युला म्हणेल. मूळ अर्थ धागा. धाग्यावरून नियम, नियमावरून व्याकरणाची सूत्रं, मग गणिताची. नाटकात सूत्रधार. त्याच सूत्रधाराचा घासून सुतार झाला. वर्तमानपत्रात विश्वसनीय सूत्रांकडून बातमी येते, कार्यक्रमात सूत्रसंचालन होतं. आणि तुमच्या दुकानात पाईपाला 'चार सूत' म्हणजे अर्धा इंच म्हणत असतील, तेही तेच. धाग्याचं जे तिकडे झालं तेच आपल्याकडे दोन हजार वर्षं होत आलंय. इंग्रजांनी केलं की डिक्शनरी आणि आत्याने केलं की चूक, हे कसं चालेल?

ठिबकताई, फैजपूर

मास्तर, नमस्कार. तुमचं सगळं त्याला वाचायला लावलं. जवस त्याने खाऊन टाकला. 'चार सूत'वर मात्र गप्प झाला, कारण ते तो रोज ऐकतो.

त्याचं म्हणणं एकच उरलंय, ऑनलाईनचं. तो म्हणतो, ऑनलाईन हा कॉम्प्युटरचा शब्द, तुम्ही तो नळीला लावलाय.

आणि खरं सांगायचं तर ऑनलाईनचा ताप मलाच जास्त आहे. दुकानाबाहेर मी पाटी लावली होती, 'ऑनलाईन व इनलाईन मिळेल'. लोक सातबारा, आधारकार्ड आणि पासबुक घेऊन उभे. महाडीबीटीवर ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरून द्या म्हणतात. एक म्हातारबाबा तर पीकविम्याचं विचारत होते. नाही म्हटलं की म्हणतात, मग पाटी कशाला लावली?

बोरीकाठचा_मास्तर, अमळनेर

नळीला लावलाय तो ठिबकवाल्या कंपन्यांनीच. इनलाईन आणि ऑनलाईन ड्रीपर हे सिंचनाच्या इंग्रजी पुस्तकांतले रूढ शब्द आहेत. लाईन म्हणजे नळी. तिच्या आत बसलेला तो इन, तिच्या वर बसलेला तो ऑन. कॉम्प्युटरच्या ऑनलाईनमधली लाईनही मुळात तारच आहे. मुख्य यंत्राला तारेने जोडलेलं ते ऑनलाईन. आता वायफायवर बसून तार कुठेच दिसत नाही, तुमची नळी निदान दिसते तरी. दोघांत शब्दाशी प्रामाणिक कोण, ते त्यालाच ठरवू द्या.

पाटीवर 'बटण ड्रीपर' लिहा. शेतकरी त्याला बटणच म्हणतात ना?

लूपलाईन, भुसावळ

इतकी चर्चा झाली आणि भुसावळचं कोणी नावच काढलं नाही. खान्देशात लाईन हा शब्द घरोघरी पोचवला कोणी? वीज तर फार उशिरा आली. आधी आमचे रूळ आले. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले ते इटारसी-जबलपूरमार्गे, आणि ती वाट भुसावळवरून जाते. इथूनच दुसरी वाट नागपूरकडे फुटते. जळगावहून सुरतेकडे जाते ती ताप्ती लाईन, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत. चाळीसगावहून धुळ्याची वेगळी. पाचोरा-जामनेरची छोटी लाईन, आपली पीजे, तिच्यात बसलेले इथे बरेच असतील. आमच्याकडे गावांची ओळख सुद्धा लाईनीवरून. पाहुणे कुठले? सुरत लाईनचे.

माझं घर तीन पिढ्या रेल्वेत. वडील ड्रायव्हर होते. दारात कोणी आलं की आई आतूनच सांगायची, "साहेब लाईनवर आहेत." म्हणजे गाडी घेऊन गेलेत. जाताना बरोबर लोखंडी पेटी, तिचं नाव लाईन बॉक्स. कपडे, डबा, झेंड्या, कंदील, सगळं त्यात. आता चाकांची बॅग आली.

पण मास्तर, तुमच्या यादीत सगळ्यात मोठा शब्द राहिला. लाईन क्लिअर. गाडी एका स्टेशनातून सुटायची तर पुढच्या स्टेशन मास्तरने आधी कबूल करावं लागतं की मधला टप्पा मोकळा आहे, पाठव. ती कबुली म्हणजे लाईन क्लिअर. ती मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही. एकेरी मार्गावर तर बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरच्या हातात पोलादी गोळा द्यायचे, नीलच्या टोकन यंत्रातला. गोळा हातात असेल तरच पुढे जायचं. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो, दुसरा निघतच नाही, यंत्राची रचनाच तशी. सुरक्षेची इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती मी दुसरी पाहिली नाही.

आणि आज? मुलीचं स्थळ बघायला गेलेला मामा फोन करतो, "लाईन क्लिअर आहे, या तुम्ही." साहेबाच्या केबिनमधून शिपाई बाहेर येऊन म्हणतो, "लाईन क्लिअर." बोलणाऱ्याला गोळा माहीत नाही, ब्लॉक सेक्शन माहीत नाही, तरी अर्थ अगदी बरोबर वापरतो. पुढचा मोकळा आहे, पाठवा.

अप आणि डाऊन पण सांगून टाकतो. आमच्या मध्य रेल्वेत मुंबईकडे जाते ती अप लाईन आणि मुंबईपासून लांब जाते ती डाऊन. चढ-उताराशी संबंध नाही. मुख्य लाईनीला बगल देऊन दुसऱ्या गाडीला वाट करून द्यायला गाडी जिथे उभी करतात ती लूप लाईन. सरकारी खात्यात एखाद्याला बिनकामाच्या टेबलावर बसवलं की 'लूप लाईनला टाकलं' म्हणतात. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे, कारण विचारू नका.

काजबटण, धुळे

मी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. मास्तरांना विचारायचं आहे. आम्ही अस्तराला 'लायनिंग' म्हणतो. बायका विचारतात, लायनिंगचा ब्लाउज कितीला? ते लायनिंग आणि ही लाईन एकच का? अस्तराचा रेषेशी काय संबंध?

आणि ठिबकताई, आमच्याकडे अहिराणीत पण हेच चालतं. "लाईन उनी का वं?" "नही उनी, गयी शे." माझी सासू लाईट पण म्हणत नाही, तिची सगळी लाईनच. शिलाई मशीनला मोटर बसवल्यापासून मी पण लाईनच म्हणायला लागले. फेज_उडाला भाऊंचं म्हणणं मला पटलं. जिथे मोटर, तिथे लाईन.

बोरीकाठचा_मास्तर, अमळनेर

काजबटण, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. एकाच घरचे, पण रेषेवरून आलेले नाहीत. कपड्याला आतून लिननचा थर लावायचे, म्हणून त्या क्रियेलाच इंग्रजीत 'लाईन' म्हणू लागले आणि त्या थराला 'लायनिंग'. म्हणजे एक लाईन दोरीमार्गे आली आणि दुसरी कापडामार्गे. दोन्हीच्या मुळाशी जवसच. पुढे कापड कुठलंही असो, नाव राहिलं. तुम्ही अस्तराला बहुधा सुती नाहीतर क्रेप लावत असाल.

काजबटण, धुळे

सुतीच. क्रेप घामाला अंगाला चिकटतं, आपल्याकडच्या मे महिन्यात कोण घालेल? आणि दुकानात 'लिनन साडी' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं मिसळीचंच असतं. हाताला लगेच कळतं. खरं लिनन चुरगाळलं की सुरकुती जात नाही.

फेज_उडाला, चोपडा

मास्तर, एक माझंही सोडवा. आमच्या कामात 'डेड लाईन' म्हणजे वीज नसलेली तार. परमिट घेतलं, सप्लाय बंद केला, डिस्चार्ज रॉडने अर्थ केली, की ती डेड. मगच हात लावायचा. आणि ऑफिसात साहेब म्हणतो 'बिलवसुलीची डेडलाईन'. हे एकच का?

बोरीकाठचा_मास्तर, अमळनेर

नाही. तुमची सरळ अर्थाची आहे, मेलेली तार. साहेबाची अमेरिकेच्या यादवी युद्धातली आहे. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल नावाचा युद्धकैद्यांचा तळ होता, १८६४ मध्ये उघडलेला. कुंपणाच्या आतल्या बाजूने थोड्या अंतरावर एक आखलेली हद्द होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालायची. तिला 'डेडलाईन' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द बातमी देण्याच्या वेळेसाठी उचलला, आणि तिथून तो बिलवसुलीपर्यंत आला.

फेज_उडाला, चोपडा

म्हणजे आमची जीव वाचवते आणि साहेबाची घेते. हे उद्या ऑफिसात सांगतो. नाव तुमचं सांगेन.

ठिबकताई, फैजपूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाटी बदलली, आता 'बटण ड्रीपर' लिहिलंय. सातबारावाले थांबले. आज एक बाई शर्टाची बटणं मागायला आली होती, तिला काजबटण यांच्याकडे धुळ्याला पाठवायचा विचार होता.

भाच्याने यादीत लाईनदोरी, लाईन बॉक्स, लायनिंग आणि लूप लाईन घातलंय. 'लाईन मारणे'समोर फुली मारून 'आपलं' असं लिहिलंय आणि त्याचा त्याला उगाचच अभिमान वाटून राहिला. शाळेत बाईंना दाखवणार आहे म्हणे. ते एक पान मी फाडून ठेवलं तर बरं.

नेटसेट, नंदुरबार

छान चर्चा. मास्तर, असाच 'सेट'वर प्रकाश टाकाल का? आमच्याकडे टीव्हीचा सेट, दागिन्यांचा सेट, दही सेट झालं, केस सेट केले, पोरगा पुण्यात सेट झाला, आणि मी स्वतः सेटची परीक्षा देऊन देऊन थकलोय.

बोरीकाठचा_मास्तर, अमळनेर

अहो, ते एका बैठकीचं काम नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तिच्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. पुढच्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ. वेगळा धागा काढा आणि दह्यापासून सुरुवात करा, मी येतो. परीक्षा कधी आहे तेही लिहा.